सुपात वाळलेले व्हॉल्व्ह

जुन्या रेडिओत दिव्यासारखा पेटणारा काचेचा व्हॉल्व्ह गेला, तरी आमच्यात कुणी टाकत नाही. "असू दे, लागेल कधीतरी," म्हणत डब्यात जातो. किस्स्यांचंही तसंच झालंय. आम्ही तिघे म्हातारे: मी रेडिओ दुरुस्त करणारा, हसनमियाँ जयगडचा, जन्मभर जहाजावर होता, आणि दत्ता पोफळीच्या वीजघरातून रिटायर झालेला. जमलो की जुने व्हॉल्व्ह आलटून पालटून लावायचे आणि कुठला गोड वाजतो यावर भांडायचं!

*

यंदा गणपतीच्या साफसफाईत दत्ताच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याच्या रेडिओग्रामचे सगळे व्हॉल्व्ह उपसले. डब्यातले जुनेही त्यातच. कंदिलाच्या काचांसारखे राखेने लख्ख घासले आणि सुपात घालून उन्हात ठेवले, आमसुलांसारखे! काचेवरचे नंबर साफ गेले.

दत्ता रागावला नाही. वहिनींना कानांनी आता काहीच ऐकू येत नाही. संध्याकाळी त्या रेडिओग्रामच्या लाकडी पेटीवर तळवा टेकून अभंग ऐकतात. तेवढंच त्यांचं ऐकणं, आणि तेच बंद पडलं. वहिनी पुढच्या खोलीत येईनाशा झाल्या.

*

पुसलेला नंबर काचेवर तोंडाची वाफ सोडली की कधीकधी उमटतो. हसनमियाँ एकेक व्हॉल्व्ह तोंडाशी धरून बसला. वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "भावजी, एवढे गरम आहेत तर निवू द्यात की!"

दत्ता बऱ्याच दिवसांनी हसला.

*

व्हॉल्व्हच्या डोक्यावर आतून चंदेरी झाक असते. "ती पांढरी पडली की समजायचं, हवा शिरली, संपला," मी म्हटलं.

दत्ताने आमच्या तिघांच्या डोक्यांकडे पाहिलं. "मेल्या, असलं बोलू नको. वर कुणीतरी ऐकत असेल!"

*

मला इंग्रजी वाचता येत नाही. मी आतल्या पत्र्यांच्या ठेवणीवरून व्हॉल्व्ह ओळखतो. दोन समोर धरून छातीठोक सांगितलं, "हे सख्खे भाऊ."

लावून बघितले. एक छान गायला. दुसऱ्याने अशी शिट्टी घातली की उंबऱ्यावरचं मांजर पळालं!

"सख्खेच आहेत," हसनमियाँ म्हणाला. "वाटणीनंतरचे!"

*

शेवटी पेटी बोलू लागली. एका जागेसाठी मात्र दोन व्हॉल्व्ह उरले. दत्ताने वहिनींना हाताला धरून आणलं, तळवा पेटीवर ठेवला.

पहिला लावला. "वा, काय साफ आवाज!" हसनमियाँ म्हणाला. वहिनींनी हात काढून घेतला. "हा नुसता गुणगुणतोय. यात मृदंग कुठाय?"

सेट बंद केला, निवू दिला, दुसरा लावला. मला तो जरा जाड वाटला. हसनमियाँने तर तोंडच वाकडं केलं. वहिनींनी तळवा टेकला आणि डोळे मिटले. एक अभंग संपला, दुसरा लागला. हात तिथेच.

"दत्ता," मी म्हटलं, "पहिला परत एकदा लावून बघू या का रे?"

दत्ताने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. ती ऐकतेय."