पाण्याने भरलेली पिशवी

शिरवळच्या एका कारखान्यात मी पॅकिंगची फिल्म तपासतो. कोणत्या फिल्ममधून किती ऑक्सिजन आत शिरतो, हे मोजणं माझं रोजचं काम. इस्लामपूरकडच्या आमच्या घरात या कामाला कवडीची किंमत नाही.

वहिनीने शेंगदाण्याच्या लाडवांचा धंदा काढला, तेव्हा पुण्याच्या एका दुकानाने पहिली मोठी ऑर्डर दिली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिचं स्वतःचं असं ते पहिलंच काहीतरी. पिशव्या मात्र दादाने आणल्या. दादा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला. त्याचे हुकूम अजून नोकरीतच आहेत.

"लय जाड हाय, बघ," पिशवी चिमटीत चोळत तो म्हणाला.

मी सांगितलं, "दादा, साधं पॉलिथिन हाय हे. जाडी दुप्पट केलीस तर आत जानारी हवा फार तर निम्मी व्हईल, थांबनार न्हाई. मधी नायलॉनचा थर असलेली फिल्म घे. ह्याच्यापेक्षा पातळ असंल, पर हवा अडवंल. न्हाईतर शेंगदाण्याचं त्याल खवट व्हईल."

दादाने पिशवीत पाणी भरलं, तोंड आवळलं आणि ती गोठ्यातल्या खुंटीला टांगली. संध्याकाळी सगळ्या घराला बोलावून दाखवली. "टिपूस तरी गळलं का रं? पानी जात न्हाई, मग हवा कुठनं जातीया?"

पाणी अडवणारी फिल्म हवा अडवतेच असं नाही, हे मी पुन्हा सांगायला लागलो. पण सगळे हसत होते. वहिनी तेवढी हसली नाही. बोललीही नाही, आमच्याकडे दादा बोलल्यावर बाई बोलत नाही.

महिन्याभरात माल परत आला. पिशवी फोडली की खवट वास. दुकानाने पुन्हा विचारलं नाही. दादाने पिशव्यांना बोल लावला नाही. "हिनं शेंगदाणं नीट भाजलंच न्हाईत," असं येईल त्याला सांगत सुटला. तेव्हा मला त्याची जी चीड आली, ती अजून उतरलेली नाही.

उरलेल्या पिशव्या माळ्यावर पडून आहेत. जाडच त्या, त्यांना काय होतंय! परवा मी शिरवळला निघालो, तेव्हा वहिनीने त्यातल्याच एका पिशवीत चार लाडू बांधून दिले. दादा समोरच बसला होता. त्याच्या देखत ती म्हणाली, "भावजी, लवकर खावा. ह्यातनं हवा जाती."