तपासून दिलेला अंगठा

कडकबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा, आणि पाठीपासून सुरू व्हायचा. तिच्या नाही, नवऱ्याच्या. दिवा लावायचा, चादर सरकवायची, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि त्याला या कुशीवरून त्या कुशीवर वळवायचं. मग पाठ बघायची. कुठे लाली दिसते का, बोटाने दाबल्यावर ती जाते का. जाते आहे तोवर ठीक. मग चहा, मग काम.

नवरा पूर्वी ट्रक चालवायचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून अंथरुणाला खिळला होता. जीभ तेवढी शाबूत होती.

"वळव, पण मागचं बघून," तो रोज म्हणायचा.

"मागचंच बघायला उठलेय मी," ती म्हणायची.

कामाला ती एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईत होती. कडकबाई हे नाव तिथलंच. ते कपड्यांच्या खळीवरून पडलं की तिच्या स्वभावावरून, यावर धुलाईत दोन तट होते. तिचं टेबल शेवटचं. इस्त्री होऊन आलेली प्रत्येक चादर उलगडून दोन्ही बाजूंनी पाहायची, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा आणि गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर शाईचा अंगठा उमटवायचा. लिहितावाचता येणाऱ्यांनीही अंगठाच द्यायचा. सही माझी नाही म्हणता येतं, अंगठा माझा नाही म्हणता येत नाही. डागाची चादर परत आली की मुकादम चिठ्ठी नाचवत यायचा, आणि जिचा अंगठा तिने ती चादर हाताने धुवायची. त्यामुळे न बघता अंगठा द्यायची कुणाची छाती नव्हती. कडकबाईची तर नव्हतीच.

घरी विधवा नणंद होती. दुपारी भावाला वळवायचं काम तिचं. तिचा उजवा खांदा जखडलेला, पण फोनवरचा अंगठा तेल घातल्यासारखा चालायचा. ती किती ग्रुपांवर होती ते तिलाही ठाऊक नसावं. घरी आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा एक ग्रुप तिला सापडला आणि तिने वहिनीलाही त्यात घातलं.

कडकबाईने पहिला निरोप लिहिला, "नमस्कार. माझे यजमान अंथरुणाला आहेत." लगेच चार अंगठे आले.

"अगं, मी नमस्कार केला आणि हे ठेंगा दाखवतायत!"

नणंद हसून लोळायची बाकी राहिली. "वहिनी, ठेंगा नाही तो. पसंत आहे असं म्हणतात."

"काय पसंत आहे? यजमान आजारी आहेत ते?"

कडकबाईने मग आपल्यापुरता अर्थ लावून घेतला. अंगठा म्हणजे अंगठा. तपासलं, ठीक आहे, जबाबदार मी.

ती तशीच वागू लागली. पाठीमागे उशी कशी लावावी असं कुणी लिहिलं, की ती उशी तशी लावून आठवडाभर बघायची आणि मग अंगठा द्यायची. घोट देताना हनुवटी खाली ठेवा असं कुणी लिहिलं, की तेही करून बघायची. ठसका थांबला याची खात्री झाली की अंगठा.

"शिळ्या निरोपाला बुरशी आली, वहिनी. आता काय अंगठा देतेस?"

"काल कसा देऊ? काल खात्री नव्हती."

अशात एक निरोप आला. लिहिणाऱ्याच्या नावाजागी डोंगराचं चित्र होतं. त्याने लिहिलं होतं, हवा भरलेली रबरी ट्यूब घ्या, फडकं गुंडाळा, रुग्णाच्या कमरेखाली ठेवा. मधला भाग अधांतरी राहतो, दाब पडत नाही, सारखं वळवावं लागत नाही. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी ती आणखी वाढली.

कडकबाईला वळवण्याचा कंटाळा नव्हता. पण दुपारी नणंद भावाला वळवताना ओठ चावते, हे तिने पाहिलं होतं. ट्यूबने तिचा खांदा वाचणार होता. आणि इतक्या लोकांनी तपासलेली वस्तू आपण पुन्हा काय तपासायची? आयुष्यात पहिल्यांदाच तिने दुसऱ्यांच्या अंगठ्यावर गठ्ठा पुढे सोडला.

"शेवटी मलाही चाकावर चढवलंत," ट्यूब कमरेखाली बसताच नवरा म्हणाला.

पुढच्या काही दिवसांत लाली आली, आणि ती गोल आली. बोटाने दाबल्यावर जाईना. कडकबाई ट्यूब जरा वर, जरा खाली सरकवत राहिली. मग मधली कातडी फाटली.

जखम बांधायला आलेल्या परिचारिकेने आधी ट्यूब उपसून बाजूला टाकली. "कडेचा दाब बसतो, मधलं रक्त अडतं. कुणी सांगितलं हे?"

"पुष्कळ जणांनी."

"जखम खोल जाऊ दिली तर जिवावर बेतेल. पाठ मोकळी ठेवा. आणि वळवणं चुकवू नका."

कडकबाईने त्या दिवशी नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी ती ग्रुपवर लिहायला बसली. एकेक अक्षर शोधत लिहिलं, "ट्यूब ठेवली. जखम झाली. ज्यांनी अंगठे दिले त्यांच्यापैकी कुणी करून पाहिलं होतं?"

उत्तरं आली. एक म्हणाला, कल्पना चांगली वाटली म्हणून दिला. एकीने लिहिलं, मी सगळ्यांनाच देते, कुणाला वाईट वाटायला नको. एकाचा चुकून दाबला गेला होता. डोंगरवाल्याने लिहिलं, "ताई, माझ्या घरी कुणी आजारी नाही. दुसऱ्या ग्रुपवर आलं, कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून इथे टाकलं." ग्रुप चालवणारा म्हणाला, कृपया वाद नको. आणि तिच्या प्रश्नालाही अंगठे येत होते. हे म्हणजे करून पाहिलं होतं असं म्हणतायत, की नव्हतं असं?

ती ट्यूबच्या निरोपाला अंगठे देणाऱ्यांची नावं खाली सरकवत गेली. मध्येच थांबली.

"हे तुझं नाव आहे ना गं?"

नणंद भाजी निवडत होती. तिने फोनकडे पाहिलं आणि तिचा हात थांबला. "असेल."

"तू ट्यूब कधी बघितली होतीस?"

"वहिनी, मी ते वाचलंसुद्धा नव्हतं. दिसलं की दाबते. आपण आहोत एवढं कळावं म्हणून."

"कुणाला कळावं?"

"आता ते मला काय माहीत? सगळ्यांना." नणंदेचे डोळे भरले. "माझ्या भावाची पाठ आहे ती. मी मुद्दाम करेन का?"

मुद्दाम नाही, हे कडकबाईलाही कळत होतं. मग काय, ते कळत नव्हतं. खोटं बोलले म्हणावं, तर कुणी काही बोललंच नव्हतं. काम चुकवलं म्हणावं, तर काम कुणी अंगावर घेतलंच नव्हतं. ग्रुप सोडावा, असं तिने ठरवलं.

पण सकाळी एक निरोप येऊन पडलेला होता. सगळ्यांनाच अंगठा देणारी ती बाई. तिच्या नावाजागी गुलाब होता. "आज जखम कशी आहे?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. या बाईने जन्मात जखम बांधलेली नव्हती, तसं तिने स्वतःच लिहिलं होतं. उपाय एकही सांगत नव्हती. नुसतं विचारायची. कडकबाईला कळेना, याला काम म्हणायचं की नाही. चादर एक तर डागाची असते, नाहीतर बिनडागाची. ही बाई कोणत्या गठ्ठ्यात घालायची? आणि एके दिवशी तो प्रश्न दुपारपर्यंत आला नाही, तेव्हा धुलाईत आपण दोनदा फोन का काढला, हेही तिला कळेना.

ग्रुप सोडणं राहून गेलं.

इकडे नणंदेने बोलणं कमी केलं आणि दुपारचं वळवणं वेळेवर धरलं. जखडलेल्या हाताने जमेना, तेव्हा तिने दुहेरी घडीची चादर भावाच्या कमरेखाली घातली आणि डाव्या हाताने ती ओढून त्याला कुशीवर आणलं. कडकबाईने सुट्टीच्या दिवशी ते उभं राहून पाहिलं. पुढचा आठवडाभर स्वतः तसंच करून पाहिलं. मग ग्रुपवर लिहिलं, "घडीची चादर खाली घालून ओढावी. नणंद रोज करते, एका हाताने. मीही केलं. सुरकुती राहू देऊ नका, ती रुतते." अंगठे धडाधड आले.

"बघ, तुझं नाव झालं," ती नणंदेला म्हणाली. "पण एवढ्या लवकर यांनी चादर घातली कधी, ओढली कधी?"

"वहिनी, आता पुरे," नणंद म्हणाली. पण ती हसली.

परिचारिकेने हवेच्या गादीचं सुचवलं होतं. तिचे कप्पे आलटूनपालटून फुगतात आणि बसतात. वळवणं चुकत नाही, पण मधल्या वेळात पाठीला आराम पडतो. कडकबाईने रविवारच्या जादा पाळ्या मागून घेतल्या. महिने गेले. मग ती दुकानात गेली.

"डोळे मिटून घ्या, मावशी," दुकानदार म्हणाला. "सगळे चांगलीच म्हणतात."

"झोपून कुणी पाहिलं?"

तिने चपला काढल्या, गादी चालू करायला लावली आणि भर दुकानात आडवी झाली. गिऱ्हाइकं बघत होती. एक कप्पा तिच्या पाठीखाली चढला, शेजारचा उतरला. मग चढलेला उतरला. ती हलली नाही. दुकानदाराला वाटलं, बाईंना झोप लागली.

"बांधा," ती उठून म्हणाली.

सगळ्या रविवारांची मजुरी त्या गादीत गेली. घरी दोघींनी मिळून चादर ओढली, गादी खाली सरकवली, पंप लावला. जखमेच्या कडा सुकायला लागल्या होत्या. मधला भाग अजून ओला होता. नवऱ्याने पंपाच्या घरघरीला कान दिला.

"इंजिन लहान आहे," तो म्हणाला. "पण चढ घेतंय."