माझ्याच जाहिरातीवर माझंच बोट

साठी उलटली तरी अक्कल यायची होती, म्हणून हा गाढवपणा घडला. माझ्या कडक भाकऱ्या विकायला सुनेनं मोबाईलवर जाहिरात लावली होती. कुणी 'कडक भाकरी' शोधलं की ती वर दिसायची. ती आहे ना, हे बघायला मी रोज देवपूजा झाली की तिच्यावर बोट दाबायची. कौतुकानं आमच्या मुरुम गावच्या भजनातल्या बायांनाही दाबायला लावलं. दर दाबण्याला माझेच पैसे कटत होते. जाहिरातीसाठी भरलेले महिन्याचे पैसे आठवड्यात संपले, ऑर्डर एकही नाही. सून रागावली नाही, हे तिचे उपकार. बायांपुढं चूक कबूल केली, तर शेजारीण पिशवी पुढं करून म्हणाली, "बोटं आमची, पैसं तुजं गेलं. आता धा भाकऱ्या बांध, म्हंजी एक तरी गिऱ्हाईक खरं व्हईल."