बंद दारासाठी जाहीर निवेदन

"झोप कशी लागते?" असं डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं आणि उत्तर तुमच्या आईनं दिलं, असं सतरा वर्षं चाललं, तर तुम्ही काय कराल?

मी पत्रक काढलं. दुसरं काही मला येतच नव्हतं! आई अंगणवाडी सेविका; संघटनेच्या पत्रकांवर बोट ठेवून तिनं मला वाचायला शिकवलं. मी ऑटिस्टिक आहे. बोललेलं माझ्यापर्यंत उशिरा पोचतं, छापलेलं लगेच. 'कमळ'च्या आधी मी 'आमच्या मागण्या' वाचलंय.

माझी मागणी एकच होती: तपासताना खोलीत मी आणि डॉक्टर, दोघंच. गोळ्यांबद्दल एक प्रश्न होता आणि तो आईसमोर तोंडातून निघत नव्हता.

आई आणि मी सिरसाळ्याहून बीडला एसटीनं निघालो, तेव्हा माझ्या पिशवीत पन्नास झेरॉक्स होत्या. खाजगीपणाची मागणी पन्नास जणांना वाटायची नसते, हे मला सुचलंच नाही. पत्रक म्हणजे वाटायचं. आई केसपेपरच्या रांगेत होती, तोवर दवाखान्याच्या व्हरांड्यात वाटलं, मग आत. आमच्या डॉक्टरांच्या खोलीत पुढचे चार पेशंट आधीच बाकावर बसवलेले असतात. त्यांनाही दिलं.

बाकावरच्या आजीनं शेजारच्याकडून वाचून घेतलं. "लई बेस! माझं पोट दुखतंय का न्हाई, ते बी ही सूनच सांगती. ऊठ गं, बाहेर हो."

"आजी, तुम्हीपण," मी म्हणाले.

"मी बी?" असं म्हणत, हसत हसत ती निघाली. मागोमाग सगळा बाक रिकामा! मला नाचावंसं वाटत होतं.

आई मात्र उठली नाही. "मी कामून जाऊ? तुझ्या गोळ्या कोण देतं?" तिनं पत्रक दोनदा वाचलं. तिचा चेहरा बघून मी ते परत घेणारच होते.

"सही कुठंय?" ती म्हणाली. "बिनसहीचं निवेदन कुणी घेत नसतंय."

तिनं पर्समधून पेन काढून दिला. मी सही केली. ती गेली आणि जाताना दार तिनंच लावलं.

"अठरा कधी पूर्ण?" डॉक्टर म्हणाले.

"एक्क्याण्णव दिवसांनी."

"मग सवय आजपासून करू. जिवाला धोका वाटला तर आईला सांगेन. बाकी काही सांगायचं तर आधी तुला विचारीन. झोप कशी लागते?"

मी मनात आकडे मोजत शब्द जुळवले. ते थांबले. सतराव्या आकड्याला मी बोलले, आणि मग थांबेचना. काय बोलले? ते नाही सांगणार.

गोळ्यांच्या वेळा मी विसरते, म्हणून शेवटी आईला मीच बोलावलं. दारात उभं राहून तिनं विचारलं, "येऊ का आत?" आयुष्यात पहिल्यांदा!

उरलेलं एक पत्रक तुमच्यासाठी. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल आणि डॉक्टरांनी त्याला काही विचारलं, तर तोंड उघडण्याआधी मनात वीसपर्यंत मोजा. सावकाश मोजा.