न बोलावलेल्या आत्याबाईंची साक्ष

दिग्रसच्या बसस्टँडवर यवतमाळची पहिली गाडी लागायच्या आत आम्ही पोचलो होतो. मी, आई, धाकटा भाऊ विजय आणि दोन मोठ्या बॅगा. ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून मुद्दाम पहिली गाडी निवडली होती. तरी शेजारच्या गल्लीतल्या काकू भेटल्याच.

"कुठी चालली व शोभे, इतक्या सकाळी?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "यवतमाळले. दवाखान्यात दाखवाचं आहे."

काकूंनी बॅगांकडे एकदा नीट पाहिलं. "दाखवाले चालली का भरती व्हाले?"

विजय हसू दाबायला पलीकडे वळला. मी गाडीत चढले, खिडकीपाशी बसले आणि हातातल्या यादीवर खूण केली: घर सोडलं. दवाखाना खोटा होता. मी कॅनडाला चालले होते, सास्काटून नावाच्या गावी, माझ्या नवऱ्याकडे. मला नवरा आहे हे दिग्रसमध्ये आमच्या घराबाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

माझं पहिलं लग्न बोरी अरबला झालं होतं. लग्नाला थोडीच वर्षं झाली असतील, तेव्हा माझे यजमान आजारपणात गेले. मूलबाळ नव्हतं. मी माहेरी आले, दिग्रसला मुलींच्या वसतिगृहात गृहपाल झाले आणि महिन्यातून एकदा बोरीला जात राहिले. तिथे माझ्या सासूबाई एकट्या राहतात. मी त्यांना आत्याबाई म्हणते. त्यांची औषधं, चष्मा, डाळ-तांदूळ, सगळं माझ्या यादीत असायचं. पुढे चाळिशी ओलांडल्यावर आर्णीच्या दिलीपचं स्थळ आलं. तेही एकटेच, पहिली बायको वारलेली, बरीच वर्षं कॅनडात, मसूर साफ करून पोत्यात भरायच्या कारखान्यात कामाला. आधी फोनवर बोललो, मग भेटलो, मग ठरवलं.

आमच्याकडे बाईचं दुसरं लग्न होतं, कोणी नाही म्हणत नाही. पण ते चूपचाप करतात. वाजंत्री नाही, मंडप नाही, पत्रिका नाही. आर्णीच्या विहारात सकाळी भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, आम्ही एकमेकांना हार घातले. हजर होते माझी आई, विजय आणि दिलीपचे एक मित्र. जिलेबी खाल्ली, मग नोंदणी केली, आणि दुपारी मी परत वसतिगृहात मुलींच्या जेवणाकडे बघत होते. फोटो दोनच. त्यातल्या एकात दिलीपचा अर्धा चेहरा हारामागे आहे.

आत्याबाईंना सांगायचं नाही, हे आईने ठरवलं होतं. "तिचा पोरगा गेला आहे, शोभे. तिच्या कानावर असं जाले नको. सांगू मंग, सवडीनं." सवड काही सापडली नाही. मला परदेशी काम लागलं, असं बोरीला कळवण्यात आलं.

आता तिकडचं सांगते, कारण तुमच्यापैकी काहींची लेक, बहीण याच वाटेवर असेल.

विजयने घरात जाहीर केलं होतं की ताईला दहा वर्षांचा व्हिसा मिळाला. आईने पेढे वाटले, घरातल्या घरात. मी विमानात कागद पुन्हा वाचले. ती दहा वर्षं दारापर्यंत जायची परवानगी होती. आत किती राहायचं ते दारावरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने काही लिहिलं नाही तर सहा महिने. आमच्याकडची बरीच माणसं इथेच चुकतात, पासपोर्टातली तारीख बघून निर्धास्त राहतात. माझ्या अधिकाऱ्याने विचारलं, "किती दिवस राहणार?" मला गंमत वाटली. वसतिगृहातून घरी निघालेल्या प्रत्येक मुलीला मी वर्षानुवर्षं हेच विचारत होते: कुठे, कोणाकडे, किती दिवस. आता खिडकीच्या दुसऱ्या बाजूला मी उभी होते. नवऱ्याला भेटायला आले आहे, असं खरं तेच सांगितलं.

दिलीपने मला स्पॉन्सर केलं. बायको म्हणून कायमचं राहू द्या, असा तो अर्ज. तो मंजूर होईपर्यंत मी पाहुणी होते, आणि पाहुणी म्हणूनही मला कायद्यात बसून राहायचं होतं. मी फ्रिजवर यादी लावली. पाहुणेपणाची मुदत कधी संपते, त्याच्या किती आधी वाढवून मागायची, कोणत्या कागदाची पोच आली. मुदत संपायच्या आत अर्ज पडला तर उत्तर येईपर्यंत तुम्ही कायदेशीर राहता. पण त्या काळात देशाबाहेर पाऊल टाकलं की ते कवच गेलं, आणि परत येताना आत घेतीलच असं कोणी लिहून देत नाही. कामाचा परवाना येईपर्यंत कामही करायचं नाही. आमच्या चौकात देशी किराण्याचं दुकान आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, मागे स्वयंपाकघरात पोळ्या लाटा, रोख देईन, कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, "मला कळेल ना." त्या दिवसापासून त्या मला मास्तरीणबाई म्हणतात.

ज्या बाईने आयुष्यभर पन्नास मुलींचं जेवण, भांडणं आणि ताप सांभाळला, ती आता दोन माणसांचा स्वयंपाक करून खिडकीतून बर्फ बघत होती. तूरडाळ तिथे मिळते, पण ती कुठल्या तरी तिसऱ्याच देशातून आलेली असते. मसूर मात्र गावाबाहेरच पिकतो. दिलीप अंगाला मसुराचा वास घेऊन घरी यायचे आणि मी विचारायचे, "काही ई-मेल?" जणू तो त्यांच्या डब्यातून येणार होता.

मग एक दिवस ई-मेल आला. आमचं लग्न खरं आहे, नुसतं कागदासाठी केलेलं नाही, याचे आणखी पुरावे मागितले होते. समारंभाचे फोटो का नाहीत? आई-भावाशिवाय बाकीचे नातेवाईक का हजर नव्हते? हे लग्न तुमच्या माणसांना माहीत आहे का? मी ते तीनदा वाचलं. प्रश्न चुकीचे नव्हते. लांबून पाहिलं तर आमचं चूपचाप लग्न हुबेहूब खोट्या लग्नासारखं दिसत होतं. उत्तराला मुदत होती. उत्तर पटलं नाही तर अर्ज फेटाळला जाणार, आणि पाहुणी तरी किती दिवस पाहुणी राहणार? मला बॅगा भरून परत यावं लागलं असतं आणि दिलीप तिकडे राहिले असते.

आमच्या रोजच्या फोनचे पुरावे, तिकिटं, घराचा भाडेकरार, सगळं होतं. नव्हती ती माणसं. विजय म्हणाला, आत्याबाईंचं लेखी आलं तर वजन पडेल. पहिल्या नवऱ्याच्या आईनेच सांगितलं की सून दुसरीकडे नांदते आहे, तर आणखी काय पाहिजे? मला ते पटलं. पण त्यांना हे मी समोर बसून सांगायला हवं होतं. तिकीट काढून बोरीला जावं, असं दोन दिवस डोक्यात होतं. पण गेले असते तर पाहुणेपणाही गेला असता. म्हणून विजयला घेऊन आई गेली. जिने लपवायचं ठरवलं होतं तिलाच सांगायला जावं लागलं.

माझी सकाळ होती, बोरीत संध्याकाळ. विजयने व्हिडिओ कॉल लावून फोन बोरीच्या अंगणातल्या बाजेवर टेकवून ठेवला. मला आत्याबाईंचे पाय आणि अर्धा पाण्याचा रांजण दिसत होता. आईने माझ्या तब्येतीपासून सुरुवात केली, मग तिकडच्या थंडीवर आली, मग सोयाबीनच्या भावावर गेली.

आत्याबाई म्हणाल्या, "विहीणबाई, तुमाले लग्नाचं सांगाचं आहे नं? सांगा मंग. कवापासून सोयाबीन निवडून राह्यल्या."

आईने हातातला कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मले माहीत आहे. आर्णीचा बाजार आन् बोरीचा बाजार काय येगळा आहे? तिच्या लग्नाची जिलेबी ज्या हालवायानं देल्ली, त्याची बहीण इथं देल्ली आहे."

मी फोनमधून म्हटलं, "आत्याबाई, चुकलं."

त्यांनी फोन उचलला. आता पूर्ण चेहरा दिसला. चष्मा मीच करून दिलेला. "तू बोलू नको. महिन्याच्या महिन्याले येत होती, मायी औषधं मोजत होती, आन् येवढं सांगता नाही आलं? मले का दुःख झालं असतं? मायं पोरगं गेलं ते गेलं. त्याच्या मागं तुले बी बसवून ठेवाची होती का मी?"

विजयने मध्ये पडून कागदाचं सांगितलं. त्यावर त्या अजूनच चिडल्या. "जेवाले बोलावलं नाही, आन् आता सही कराले बोलावता!"

विजय घाईत बोलून गेला, "आत्याबाई, तुमी लग्नात होत्या असं लिहू. सोपं होईन."

"काहून? मी होती का? खोटं काहून लिहू? लिही, मले बोलावलं नाही म्हणून मले राग आला. त्या सायबाले म्हणा, खोट्या लग्नाले बोलावलं नाही तं कोणी रागावते का?"

आई आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला. मी इकडे फ्रिजला टेकून उभी होते.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र झालं. आत्याबाई सही करतात, मोठ्या अक्षरात, सावकाश. त्यांचा राग शब्दशः लिहिला आणि भाषांतरातही तसाच ठेवायला मी सांगितलं. त्याखाली आईचं प्रतिज्ञापत्र: माझ्या लेकीचं दुसरं लग्न झालं, ते मी लोकांपासून लपवलं, आमच्याकडे असं करतात म्हणून. मग आई तिथेच थांबली नाही. गल्लीतल्या काकूंना, वसतिगृहातल्या स्वयंपाकीणबाईंना, सगळ्यांना तिने घरी बोलावून सांगितलं. काकू म्हणाल्या म्हणे, "मले त्या बॅगाच खटकल्या होत्या."

सगळं मुदतीच्या आत पाठवलं. मग परत वाट पाहणं. मध्ये कामाचा परवाना आला, आणि मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागले. पहिल्याच आठवड्यात तिथल्या फळीवर माझी यादी लागली. पुढे केव्हातरी, मी मसुराची आमटी फोडणीला टाकत असताना, मंजुरीचा ई-मेल आला. दिलीपने गॅस बंद केला, कारण माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. माझ्या लक्षात राहिलं नाही अशी ती एकच गोष्ट असेल.

कायम राहण्याच्या परवान्याचं कार्ड हातात आल्यावर पहिलं तिकीट काढलं ते घरचं. आत्याबाईंनी सहीच्या वेळी अट घातली होती, लग्नाचं जेवण बाकी आहे. ते बोरीच्या अंगणात झालं. वरण-भात, वांग्याची भाजी, जिलेबी, आणि जिलेबी त्याच हलवायाची. आत्याबाईंनी दिलीपला टोपी-टॉवेल दिला आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे मायी सून, आन् हा तिचा मालक. आता विचारा काय विचाराचं ते."

लोकांनी विचारलं ते एकच. बोरीत, दिग्रसमध्ये, बाजारात, दुकानात, सगळीकडे: किती दिवस आहे? अधिकाऱ्याने विचारलेला प्रश्न आता मला माझ्याच गावात विचारत होते. सुरुवातीला टोचलं. तिकडे कार्ड दाखवल्यावर हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि जिथे जन्मले तिथे प्रत्येक जण विचारतो. मग वाटलं, विचारू दे. आधी मी दोन्हीकडे काहीतरी लपवून किंवा कशाची तरी वाट पाहत राहत होते. आता दोन्हीकडे खरं उत्तर देता येतं. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं.

परत निघाले तेव्हा पहिली गाडी धरली नाही. भर उन्हातली, गर्दीची गाडी निवडली. बसस्टँडवर काकू होत्याच.

"कुठी चालली व शोभे?"

आई माझ्या आधी बोलली, अख्ख्या फलाटाला ऐकू जाईल अशी. "कॅनडाले. तिच्या घरी."

"मंग इथलं घर कोणाचं?"

"तेही तिचंच," आई म्हणाली, आणि एक बॅग स्वतः उचलून गाडीच्या पायरीवर ठेवली.