ओला रुमाल

घड्याळमामांनी पन्नास वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली आणि स्वतः कुठेही वेळेवर पोचले नाहीत. स्वतःच्या लग्नालासुद्धा वऱ्हाड आधी आणि नवरदेव मागून. मामी गेल्यावर एक भिंग, तीन पेचकस आणि न थकणारी जीभ एवढा संसार घेऊन ते वृद्धाश्रमात आले. वरच्या मजल्यावरच्या खोलीत त्यांचा जोडीदार होता बसचा निवृत्त कंडक्टर. हा गृहस्थ जेवणाच्या रांगेतही "पुढे सरका, मागे जागा आहे" म्हणून ओरडायचा. पंख्यावरून दोघांचं रोज वाजायचं आणि बाकी मजला फुकटात करमणूक करून घ्यायचा.

मग साथ आली. फाटकाला कुलूप लागलं, ताटं दाराबाहेर ठेवली जाऊ लागली. खालच्या मजल्यावरून तिघांना इस्पितळात नेलं. परत आल्या तीन पिशव्या: चपला, चष्मे आणि एक कवळी, तीही कुणाची ते ठरेना. त्या दिवसापासून म्हाताऱ्यांनी आजाराची भीती सोडली आणि रुग्णवाहिकेची धरली.

रोज सकाळी सिस्टर कपाळासमोर यंत्र धरायची. आकडा शंभरावर गेला की इस्पितळ. मामांनी दोन दिवस त्या यंत्राचा स्वभाव अभ्यासला आणि निकाल दिला, "हे फक्त कातडी बघतं. दहा मिनिटं ओला रुमाल ठेवा, मग पुसा. कितीही तापलेला माणूस सत्त्याण्णव!"

युक्ती मजलाभर पसरली. सकाळी नळावर रुमाल भिजवायला रांग लागायची. सिस्टर बिचारी खुशीत वहीत लिहायची, 'सर्व ठीक.'

मग कंडक्टरला ताप भरला.

"घड्याळ्या, मला तिकडे पाठवू नकोस," तो म्हणाला. "त्या गाडीला परतीचं तिकीट नाही रे."

"गप पड. मी असताना कोण नेतोय तुला?"

तीन दिवस मामांनी रुमाल बदलले. तीन दिवस वहीत सत्त्याण्णव.

चौथ्या पहाटे मामांना जाग आली ती आवाजाने. बिघडलेलं घड्याळ त्यांना दुरून ऐकू यायचं. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि कंडक्टरचे श्वास मोजले. मिनिटाला चौतीस. पुन्हा मोजले. छत्तीस. रुमाल त्याच्या कपाळावर गार होता आणि ओठ निळे पडले होते.

मामा अनवाणी जिना उतरले.

"सिस्टर, तो तापलाय. तीन दिवस झाले. मी तुला फसवलं."

सिस्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फोनकडे धावली. पलीकडून प्रत्येक इस्पितळ एकच विचारत होतं, "वय किती? वृद्धाश्रमातले का? मग थांबा, खाट नाही." गाडी यायला दुपार झाली.

स्ट्रेचरवरून कंडक्टरने मामांकडे पाहिलं. धाप लागली होती, तरी मास्कमधून म्हणाला, "लबाडा. नेलंच शेवटी."

"पुढे सरक," मामा म्हणाले. "मी येतोच मागून."

तिसऱ्या दिवशी पिशवी आली. चपला आणि शिट्टी. इस्पितळातल्या डॉक्टरांनी सिस्टरला फोनवर सांगितलं होतं, "दोन दिवस आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं." सिस्टरने ते मामांना सांगितलं नाही. मामांनी विचारलंही नाही. जन्मभर उशिरा पोचणाऱ्या माणसाला हा हिशेब येत होता.

पिशवी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मामा तोंडाला पट्टी बांधून, बादली घेऊन मजल्यावर फिरले.

"रुमाल टाका यात."

"आता आम्हाला पाठवणार का, मेल्या?" कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी कडाडल्या. "शिकवलं कुणी आम्हाला?"

"मीच. म्हणून मागतोय."

आजींनी रुमाल फेकला तो नेमका मामांच्या तोंडावर. मामांनी तो बादलीत टाकला.

तेव्हापासून रोज सकाळी मामा प्रत्येक दारात घड्याळ घेऊन उभे राहतात आणि आतल्या माणसाचे श्वास मोजतात. शिव्या खातात, मोजतात. पंचवीसच्या वर गेले की सिस्टरला हाक. आजींनाही असंच पाठवलं. त्या अठरा दिवसांनी परत आल्या, अर्ध्या झालेल्या, पण शिव्या शाबूत.

सगळ्यात शेवटी मामा आपल्या खोलीत येतात. रिकाम्या खाटेसमोर, हातात घड्याळ धरून, पुरतं एक मिनिट उभे राहतात. मग पंखा लावतात, कंडक्टरला हवा असायचा तेवढा जोरात, आणि शाल पांघरून बसतात.