गोचिडीचा ताप

रक्तानं फुगलेली गोचीड अनवाणी पायाखाली फुटली की आधी बारीक आवाज होतो, मग तळव्याला ओलं लागतं. लग्न होऊन देवरीकडच्या या घरात आले तेव्हापासून मला या ओल्याची जेवढी किळस आली, तेवढी कशाचीच आली नाही.

कुत्रा मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. ते मागच्या अंगणात चुलीपाशी बसून त्याच्या कानातून करड्या, वाटाण्याएवढ्या गोचिडी उपटायचे आणि थेट विस्तवात टाकायचे. फट्, फट्. त्याच चुलीवर माझी वांग्याची भाजी शिजत असायची. मी काही बोलले तर म्हणायचे, "आगीत सारं शुद्ध होते." हात जोडले बाई या शुद्धपणाला! पण सासूबाई गेल्यापासून मामाजी माणसांशी कामापुरतंच बोलत. मनातलं सगळं सांगायचं ते कुत्र्याला. धान किती पिकलं, कोणता बैल लंगडतो, सासूबाईंच्या हातची चटणी कशी लागायची, सगळं. म्हणून मी पदर नाकाला लावून गप्प बसायचे.

या हिवाळ्यात कुत्र्यानं भात सोडला. कोपऱ्यात थरथरत पडून राहू लागला. मामाजींनी नाकाला हात लावून निकाल दिला, "नाक ओलं आहे. ताप नाही. थंडी वाजून राहिली त्याले." नाक ओलं नसेल तर काय, तो आत्ताच बैलांच्या पाण्याच्या टाक्यात तोंड बुडवून आला होता! पण ऐकतो कोण.

आमच्याकडे थंडीत कुत्र्याला बैलांच्या कोठ्यातलं धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरतात. बैलांनी बसून मऊ केलेल्या तणसाला ऊब जास्त, असं सगळं गाव मानतं. मामाजींनी दुप्पट तणस घातलं, वर पोतं टाकलं, शेजारी शेकोटी पेटवली. शेजारचा एक शहाणा बाटली घेऊन आला. "मोहाची चमचाभर पाजा, गरमी येईल." पाजली. कुत्रा पिवळं, फेसाळ ओकला, ते माझ्या साडीवर. मोहाचा आंबूस वास, कुत्र्याचा वास, शेकोटीचा धूर. माझं डोकंच फिरलं.

दात आवळून मी कुत्र्याचा कान धरला. तव्यासारखा तापलेला. ओठ वर केला तर हिरड्या पांढऱ्याफटक.

"मामाजी, तापानं जळून राहिला हा! अन् तुमी त्याले शेकून राहिले?"

स्कूटीवर कुत्रा खताच्या पोत्यात, माझ्या पायांशी. मागे मामाजी. देवरीच्या ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरनं शेपटी वर करून थर्मामीटर आत सरकवला. तो वास मी सांगणार नाही. पारा एकशे पाचावर गेला होता. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, एकशे दोनपर्यंत घाबरायचं कारण नाही, पण हा चांगलाच ताप आहे. मामाजींनी लगबगीनं खिशातून स्वतःची तापाची गोळी काढली. "हे देऊ का?"

"माणसाची गोळी अजिबात नाही. जीव जाईल त्याचा. झोपतो कुठं हा?"

"बैलाच्या तणसावर," मामाजी ताठ बसून म्हणाले. "रोज ताजं टाकतो."

डॉक्टरनं कुत्र्याच्या पायाची बोटं फाकवली. मधे गोचिडी, एकीला एक चिकटून, भिजल्या मुगासारख्या. "हा गोचिडीचा ताप आहे, रक्तात उतरलेला," डॉक्टर म्हणाले. "कोठ्यातल्या गोचिडी तुम्हीच रोज आणून अंथरता."

मामाजींनी ती तापाची गोळी परत खिशात टाकली.

कुत्र्याला सुई टोचून घेतली, औषध घेतलं. घरी येऊन शेकोटी विझवली, पंजांना आणि पोटाला ओलं फडकं लावलं, थोडं थोडं पाणी पाजलं. मामाजींनी सगळं तणस एकट्यानं ओढून जाळलं. कोठा झाडला, औषध फवारलं. मग ते ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. कुत्रा काही दिवसांनी उठला, भात खाऊ लागला, शेपटी हलवत त्यांच्याकडे गेला. त्यांनी हात मागे घेतला. "दूर हो. माह्याच हातानं मरत होता तू." त्याच्याशी बोलणं त्यांनी बंद केलं. घर इतकं गप्प झालं की मला त्या फट् फट्ची आठवण येऊ लागली. याचाही राग आला.

गोचिडी वेचणं आता माझ्याकडे आलं. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून, चिमट्यानं मुळाशी धरून एकेक काढते आणि साबणाच्या पाण्यात टाकते. पाय हलवत त्या बुडतात. रोज बघते, रोज शिसारी येते. एका दुपारी कुत्रा मान झटकत होता. मी हाक मारली, "मामाजी, कान धरा याचा. मले एकटीले होत नाही."

ते हलले नाहीत. "तुले तं घिन येते ना वो याची?"

"येते. धरा तुमी."

ते आले. कान धरला. मी दोन गोचिडी काढल्या तेव्हा ते कुत्र्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "धौऱ्या बैल आज लंगडला नाही गा."